मेरिट जिंकलं म्हणताना लेगसीकडे पण बघा

मा. संपादक,

अमेरिकेतल्या कॉलेज ॲडमिशनचा विषय निघाला की आपल्या लोकांची गाडी २०२३ च्या निकालावर येऊन थांबते. सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये वंश बघून ॲडमिशन द्यायला बंदी घातली, म्हणजे आता सगळं मेरिटवर होणार, असं बरेच पालक मनापासून मानतात. मला हे अजिबात पटत नाही.

त्याच हार्वर्ड केसमधून बाहेर आलेला डेटा बघा ना. आई किंवा वडील तिथे शिकलेले असतील तर त्या मुलाला लेगसी म्हणतात, अशा मुलांपैकी साधारण तीनात एकाला ॲडमिशन मिळत होती आणि बाकीच्यांपैकी शंभरात जेमतेम सहा जणांना. ॲडमिशन मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के एकतर कॉलेजच्या टीमसाठी निवडलेले खेळाडू, नाहीतर लेगसी, नाहीतर डीनच्या खास लिस्टमधली (म्हणजे बऱ्याचदा देणगीदारांशी संबंध असलेली) किंवा तिथल्याच प्राध्यापक-स्टाफची होती. निकालाने यातल्या कशालाही हात लावलेला नाही.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्येच दाखवून दिलं की सॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोर सेम असला तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरातलं मूल आयव्ही लीग किंवा तशाच टॉपच्या कॉलेजात पोचायची शक्यता मध्यमवर्गातल्या मुलापेक्षा दुपटीहून जास्त असते. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, म्हणजे हे टाळता येतं, टाळायचं नसतं एवढंच.

अर्ली डिसिजनबद्दल तर फारसं कोणी बोलतच नाही. नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला शब्द द्यायचा की घेतलंत तर येणारच, आणि चान्स वाढतो म्हणून सगळे सांगतात, पण ज्या घरात चार कॉलेजांची फायनान्शियल एड शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय निर्णयच घेता येत नाही त्यांनी असा शब्द द्यायचा कसा? ज्यांना फीची चिंता नाही त्यांच्यासाठीच ही सोय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ मध्ये रिक सिंगर या ॲडमिशन सल्लागाराचं लाच देऊन ॲडमिशनचं प्रकरण उघड झालं तेव्हा केवढा गहजब झाला, पण तो गुन्हा होता म्हणून शिक्षा तरी झाली, हे सगळं तर राजरोस नियमात बसवून चाललंय.

लेगसी काढली तर देणग्या आटतील असं सांगतात. एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघत नाहीत, जॉन्स हॉपकिन्सने २०१४ पासून बंद केली, ॲमहर्स्टने २०२१ मध्ये, कुठेही कॉलेज बुडालेलं नाही. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२५ पासून खासगी कॉलेजांनाही कायद्याने बंदी आहे, पण नियम मोडणाऱ्याचं नाव जाहीर करण्यापलीकडे शिक्षा नाही, आणि स्टॅनफर्डने तर कॅल ग्रँट ही सरकारी मदत सोडली पण लेगसी सोडली नाही! वंशाच्या मुद्द्यावर इतकी वर्षं कोर्टात लढलेल्यांनी यावरही तेवढ्याच जोरात बोलायला हवं, नाहीतर मेरिटचं नाव तरी घेऊ नये.

तुमच्या शिक्षण पुरवणीत परदेशी कॉलेजांचं रँकिंग छापता तेव्हा प्रत्येक नावापुढे लेगसी बघतात का, अर्ली डिसिजन आहे का आणि एड मागितली तर परदेशी विद्यार्थ्याचा चान्स कमी होतो का, एवढं तरी छापा. लेगसीचं उत्तर बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेटमध्ये, म्हणजे ॲडमिशन वगैरेच्या माहितीच्या ठरावीक फॉर्ममध्ये, स्वतःच देतात, शोधायला फार वेळ लागत नाही.

आपला,
एक वाचक