दोघांच्या वाटचं

काकी, स. न.

लिस्बनमध्ये खालच्या मजल्यावरची आजी मराठी वाचते, हे इथं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

१३ मे २०१७. फोंड्याहून येऊन मला तीन महिने झाले होते. पोर्तुगीजच्या नावानं फक्त 'ओब्रिगादा', तेही तुमच्या तोंडून उचललेलं. पुरुषानं 'ओब्रिगादु' म्हणायचं असतं, हे तुम्ही हसू दाबत सांगितलंत. त्या दिवशी पोप फातिमाच्या तीर्थक्षेत्री आलेले, संध्याकाळी इथला फुटबॉल क्लब बेन्फिका ५-० नं जिंकून सलग चौथ्यांदा लीगचा विजेता झालेला, खाली नुसते हॉर्न. तुम्ही जिन्यातून हाक मारलीत, "अरे, खाली ये, आज आपलं गाणं आहे."

पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेल्या तुमचं 'आपलं' म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. शिरा खात बसलो.

युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. २६ देश, आगीचे फवारे. इटलीच्या गाण्यात तर गोरिलाचा वेष घातलेला माणूस नाचत होता! आणि मग पोर्तुगालचा हा साल्व्हादोर सोब्राल. ढगळ काळा कोट, केसांची बुचडी, आजूबाजूला एक नाचणारा नाही, गर्दीच्या मधोमध एकटा उभा. हृदयाचं दुखणं असल्यामुळे युक्रेनमध्ये कीव्हला, जिथं स्पर्धा होती, सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण लुईझा उभी राहिली होती. गाणंही तिचंच, शब्द आणि चाल दोन्ही.

तुम्ही विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर लिहिलंत, 'आमार पेलुश दोइश'. म्हणालात, "समोरच्याच्या मनात प्रेम उरलं नसेल, तर त्याच्या वाटचंही मीच करीन, असं म्हणतोय तो." आणि लगेच, "तुझे काका मला असं कधी बोलले नाहीत हं."

स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, हा नियम तुम्हाला पाठ होता. म्हणून इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या पुतण्याला आधीच मत द्यायच्या कामाला लावलेलं. मतमोजणी चालू असताना मात्र तुम्ही देवघरापाशी जाऊन उभ्या राहिलात. ७५८ गुण! १९६४ साली पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा पोर्तुगालला शून्य मिळाला होता, त्यानंतर सर्वांत वरचा क्रमांक सहावा, १९९६ चा. विजेता म्हणून गाणं पुन्हा म्हणताना त्यानं बहिणीलाही सोबत घेतलं आणि तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसलात.

सोमवारी हॉटेलच्या भटारखान्यात सगळे तेच गुणगुणत होते. भांडी घासता घासता मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये पाकिटावरचा अर्थ सांगितला. आचाऱ्यानं हातातली सुरी खाली ठेवली. तोवर मी 'ए, इंडियानु' होतो. त्या दुपारी त्यानं पहिल्यांदा माझं नाव विचारलं. काकी, आभार याचे मानायचेत. भाषा पुढं वर्गात शिकलो, पण दार तुम्ही उघडून दिलंत. पाकीट अजून माझ्या पासपोर्टात आहे.

डिसेंबरमध्ये सोब्रालवर हृदयरोपण झालं, तेव्हा तुम्ही नारळ फोडलात. पुढच्या मे महिन्यात स्पर्धा आपल्या लिस्बनमध्येच भरली आणि पोर्तुगाल २६ पैकी २६वं आलं. मी हिरमुसलो. तुम्ही ताटं मांडत म्हणालात, "यजमानानं शेवटीच जेवायचं असतं रे."

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा