कुंड्यांसोबतचं पत्र

फोंडा,
शुक्रवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई, पुरे आता" म्हणालीस, म्हणून गप्प बसले. दादा उद्या पर्वरीला येतोय. त्याच्याकडे कुंड्या देतेय, त्यांतच हे पत्र खोवलंय.

आधी तो लिलीचा गुच्छ. फ्रिजवर ठेवलाय म्हणालीस. तुझ्या काजू बोक्याला फ्रिजवर चढायला कितीसा वेळ लागतो गं? आणि नाही चढला तरी पराग खाली गळतात, केसांना चिकटतात, अंग चाटताना पोटात जातात. फुलदाणीतलं पाणी प्यायला तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. गुच्छ घराबाहेर काढ. बाल्कनीतही नको.

बाकीच्या झाडांचा मी एवढा धसका घेत नाही. मनीप्लांट मागितलास, तो मुद्दाम दिला नाही. त्यात अळवासारखेच टोचणारे स्फटिक असतात. आपण तेऱ्याच्या, म्हणजे रानअळवाच्या, भाजीत आंबट आंबाडे घालतो, खाजू नये म्हणून. मांजराला कोण आंबाडे घालून देणार? पान चावलं की तोंडाची आग, लाळ. जीव सहसा जात नाही, पण उगाच कशाला? कोरफड, पानफुटीही इथेच ठेवली. तुझ्या दारातला घरमालकांचा सायकस मात्र त्यांना सांगून खाली हलव. त्याने यकृत निकामी होतं.

स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, अरेका पाम आणि पडवीतला मरांटा पाठवतेय. काजू स्पायडर प्लांट कुरतडेल, कुरतडू दे. फार खाल्लं तर ओकेल. करवंटीत दूर्वाही लावून दिल्यात, खास त्याच्यासाठी. आजीची मांजर ठकी आठवते? चवथीला आम्ही गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलो की निवडून ठेवलेल्या दूर्वा हिच्या तोंडात! आजी म्हणायची, गणपतीआधी हिचा नैवेद्य. एकदा तू तिच्याशेजारी भाताच्या पोत्यांमागे झोपून गेलीस. आम्ही घरभर हाका मारतोय, बाबा तर विहिरीत गळ टाकायला निघालेले. त्या दिवसापासून ते विहिरीकडे गेले की आधी आत वाकून बघतात. अजूनही.

काय सांगत होते? लिली. हो, पुन्हा तेच. तुला कळत नाही असं नाही गं. स्वतःच्या पगारातून भाडं भरतेस, हे मी देवळात भेटेल त्या बाईला ऐकवते. पण रात्री दोन वाजता तो ओकायला लागला तर तू एकटी काय करशील? मीठपाणी पाजू नकोस. ओकणं थांबलं म्हणून बरा झाला असंही समजू नकोस, मूत्रपिंडं त्यानंतर बंद पडतात. लिली पोटात गेल्यापासून १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना आताच शोधून ठेव. नंबर मलाही पाठव. मी इथून काय करणार, म्हणशील. तरी पाठव.

चला, शिकवणी झाली. रागावू नकोस. दादाला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

तुझी
आई

ता. क. पुन्हा कोणी फुलं आणणार असेल तर गुलाब सांग, नाहीतर जर्बेरा. त्यापेक्षा जत्रेतलं गोड खाजंच आणायला सांग.