नाना, तुमचं भिंग माझ्याकडेच आहे

नाना, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवली का?" म्हणून विषयच तोडता. म्हणून लिहायला बसले. आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय, कारण गच्चीत वांगी-मिरची लावून हताश झालेली माणसं आपल्या देवपुरातच गल्लीला दोन निघतील. ही चिठ्ठी तुम्हाला सुरतेत नात वाचून दाखवेल. तिला म्हणावं, माझ्या फजितीचा भाग हळू वाच.

जूनमध्ये मी भरिताच्या वांग्याची सहा रोपं आणली. रंगाच्या वीस लिटरच्या सहा रिकाम्या बादल्या, त्यात माती आणि शेणखत. बादल्यांना बुडाशी भोकं पाडली ती खिळा तापवून, आणि तीही इतकी बारीक की पावसाचं पाणी आत साचून राहिलं. पहिलं रोप त्यातच गेलं. बुडाशी मऊ पडून आडवं झालं, आणि मी मात्र ते सुकलं समजून आणखी दोन तांबे पाणी घातलं! तुम्ही तेव्हा कपाशीच्या कामाला शेतावर होतात. असतात तर पहिल्याच दिवशी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला असता.

सप्टेंबरात शेंड्यांवर मावा आला. हिरवट, चिकट, आणि त्याच्या मागे मुंग्यांची रांग. मी दुकानात गेले. दुकानदाराने काही न विचारता एक बाटली काढून दिली, "कपाशीवर सगळे हेच मारतात" म्हणाला. मी झाकणाच्या अंदाजाने औषध ओतलं आणि सकाळी अकराच्या उन्हात, तोंडाला साधा रुमालही न बांधता फवारलं. तीन आठवड्यांत तीनदा. मावा गेला. माझं डोकं दोन दिवस दुखलं, त्याचा दोष मी ऑक्टोबर हीटच्या आगाऊ उन्हाला दिला.

मग पानं फिकी पडायला लागली. वरून बघावं तर सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके, धूळ बसल्यासारखा रंग. चौथ्या फवारणीसाठी पंप भरत होते तेव्हा तुम्ही शेजारच्या गच्चीत ज्वारी वाळत घालत होतात. कठड्यावरून विचारलंत, "कसाले फवारस?" मला उत्तरच आलं नाही. किडे मारायला, म्हणाले. "कोन्ता किडा?" तेही सांगता येईना.

तुम्ही आलात, पेपर वाचायचं भिंग खिशातून काढलंत. "पान उलटं करीसन दख, माय."

नाना, त्या पानाच्या मागचा देखावा मी विसरणार नाही. शिरांच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, आणि त्यात लाल तिखटाचे कण सांडल्यासारखं काहीतरी. एक कण चालायला लागला. तुम्ही माझ्या वहीचा कोरा कागद पानाखाली धरला, पानावर टिचकी मारली, आणि कागदावर पडलेले ठिपके पळू लागले. लाल कोळी. किडा नव्हेच हा, म्हणालात. याला पाय आठ, कोळ्याच्या जातीचा. पाऊस थांबून ऊन तापलं की आठवडा-दहा दिवसांत याची नवी पिढी तयार. मी मारलेलं औषध माव्याचं होतं, याला त्याने फारसं काही झालंच नव्हतं. झालं ते याला खाणाऱ्यांना. मला आठवलं, दुसऱ्या फवारणीनंतर बादलीच्या काठावर चार-पाच ढालकिडे उताणे पडले होते. मी ते झाडूने लोटले होते, घाण म्हणून.

मग तुम्ही बाटली मागितलीत. तिच्यावरचा पिवळा त्रिकोण दाखवलात. लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. इतकी वर्षं मी तो नुसता छापाचा रंग समजत होते. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं 2017 सांगितलंत. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने तुमची कपाशी खाल्ली, तुम्ही फवारत राहिलात, आणि तिकडे यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेल्याच्या बातम्या रोज येत होत्या. "तवापासून मी आधी दखस, मंग हात लावस." एवढंच बोललात आणि बाटली घरात लेकराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायला लावलीत.

खरं सांगते, त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याचा मला भयंकर राग आला होता. झाडांना पहिली तीन वांगी धरली होती, लिंबाएवढी. मी रोज त्यांचे फोटो काढत होते. औषधाच्या कागदावर तुम्ही वांगं शोधलंत, सापडली फक्त कपाशी. मग फवारल्यावर किती दिवसांनी तोडून खायचं हे वांग्यापुरतं कोण सांगणार? तिन्ही तोडून टाकायला लावलीत. आणि कोपऱ्यातलं ते झुपकेदार झाड, जे मला सगळ्यात हिरवंगार वाटायचं, ते मुळासकट उपटायला सांगितलंत. बारीक बारीक पानांचा गुच्छ, फूल एक नाही. "बोकड्या से," म्हणालात. पुस्तकात त्याला पर्णगुच्छ म्हणतात, तुडतुडे तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि त्याला औषध नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, शेजारचे नाना मदतीला आले होते की नुकसान करायला?

राहिली चार. त्यांच्यासाठी तुम्ही जे सांगितलंत ते इतकं साधं होतं की मला शंकाच आली. आधी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा, जाळी तुटेपर्यंत. अगदी खराब पानं काढून पिशवीत बांधून टाकायची. मग ऊन उतरल्यावर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पातळ साबण, आणि फवारणी पुन्हा पानांच्या पाठीवरच. उन्हात मारलं तर तेलाने पान करपतं. पाच दिवसांनी परत, कारण अंडी मरत नाहीत, ती फुटून बाहेर आलेले मरतात. मी दोनदा करून थांबणार होते. तुम्ही कठड्यावरून बोटं दाखवायचात, तीन, चार.

शेंडे पोखरणाऱ्या अळीचं मात्र मी स्वतः ओळखलं, हे नोंदवून ठेवा! सकाळीच एक शेंडा मान टाकून होता, बाकी झाड ताठ. पूर्वीची मी असते तर तांब्याभर पाणी घातलं असतं. भोक शोधलं, त्याच्या दोन बोटं खालून शेंडा कापला, चिरला, आत गुलाबीसर अळी. तुम्हाला दाखवायला ती वाटीत झाकून ठेवली होती, सासूबाईंनी झाकण उघडलं. तो किस्सा भेटल्यावर.

चार झाडांना मिळून अकरा वांगी निघाली. चार किडकी होती, तेवढा वाटा अळीचा. चंपाषष्ठीला दोन मोठी घेतली. तुम्ही शेतावरून आणलेल्या पऱ्हाटीच्या काड्या गच्चीत पेटवून त्यावर भाजली, साल काळी होऊन फुटली आणि रस निखाऱ्यावर चर्र झाला. हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. बामणोदच्या वांग्यासारखं झालं का, असं मी विचारलं तर तुम्ही खाता खाता मान हलवलीत, ती हो होती की नाही ते अजून कळलेलं नाही.

आभार नेमके कशाचे, तर तुम्ही माझ्या हातातून पंप काढून घेऊन भिंग दिलंत त्याचे. आणि ते झाड उपटायला लावलंत त्याचे, कारण उरलेल्या चारांपैकी एकालाही बोकड्या झाला नाही.

आता फेब्रुवारी लागलाय. एका झाडावर एक वांगं बियांसाठी पिकायला ठेवलंय, पिवळं पडलंय. ते कधी उतरवायचं हे विचारायचं होतं. शिवाय कालपासून मिरचीच्या रोपाची पानं वर वळतायत. उलटी करून बघितली, भिंगाखाली काहीतरी बारीक, पिवळसर, लांबुळकं पळतंय. फुलकिडे असावेत असा माझा अंदाज. फवारलेलं काही नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, नातीला फोन धरायला सांगा.

तुमची,
शेजारच्या गच्चीतली