मंत्रिमहोदय, मुलांआधी मास्तरांना गुहेत न्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

२४ वर्षं सोलापुरात नववीला भूगोल शिकवतोय. भूजलाचं कार्य आलं की फळ्यावर दोन चित्रं ठरलेली: गुहेच्या छताला लोंबणारा अधोमुखी लवणस्तंभ, म्हणजे ठिबकत्या पाण्यातला चुना साचून झालेला खांब, आणि खालून वर आलेला ऊर्ध्वमुखी. दोन्ही हुबेहूब गाजरं. प्रत्यक्ष पाहिलेच नव्हते, आणि पाहणार तरी कुठं? आपला मुलूख काळ्या बेसॉल्टचा, हा खडक चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. इथं लेणी माणसानं छिन्नीनं कोरली.

या दिवाळीच्या सुट्टीत चेन्नईकडच्या गाडीनं आंध्रातल्या ताडिपत्रीला उतरलो. तिथून तीसेक किलोमीटरवर बेलम. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये नोंदवलेली चुनखडीची गुहा, लांबी ३,२२९ मीटर, त्यातला दीडेक किलोमीटर पर्यटकांना खुला. आकडे पाठ होते. दमटपणा पाठ नव्हता! सोलापूरचं ऊन पचवलेला माणूस मी, पण जिना उतरून दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटला. आत हवा सोडायची सोय केली आहे, तिथं जो तो जरा जास्तच रेंगाळतो.

भिंती ओढ्याच्या काठासारख्या गुळगुळीत, वळणाच्या. पाणी खडक विरघळवतं म्हणजे काय, ते त्यांवरून हात फिरवला तेव्हा कळलं. कोटिलिंगालु दालनात लवणस्तंभांची दाटी, पण गाजरासारखा एक नाही. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं, चुनखडी विरघळवतं आणि थेंब ठिबकताना चुना मागे ठेवतं, हे मी वर्गात घडाघडा म्हणतो. तिथं मात्र नुसता बघत राहिलो. सप्तस्वरांच्या दालनात लोक लवणस्तंभ वाजवून बघत होते. आवाज खरंच येतो. मीही हात उचलला होता. मग आठवलं, हाताचा तेलकटपणा लागला की त्यांची वाढ बिघडते, आणि गुपचूप खाली घेतला.

साहेब, आमची प्रशिक्षणं हॉलमध्ये होतात. पडद्यावर स्लाइड, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. भूगोल शिक्षकांचं एखादं प्रशिक्षण बेलमला घ्या. पोरांच्या सहलीचं नंतर बघू; त्यांना काय दाखवायचं, ते आधी आम्हाला दिसू द्या. दोन दिवस पुरेत. स्लीपरचं तिकीट चालेल, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमची आम्ही बांधून आणू.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, सोलापूर