ट्रंकेतल्या 19 मुली

इंदूर

चि. चिऊ हिस अनेक आशीर्वाद.

परवा माळ्यावरून आजीची लोखंडी ट्रंक खाली काढली. तू फोनवर म्हणालीस, "आई, फोटो स्कॅन करू आणि बाकीचं देऊन टाकू." तेव्हा मी गप्प बसले, पण ते मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

ट्रंकेत दोन बिल्ले आहेत. आजीचा म्हणजे तीन पानांची पितळी पिन. गाईड म्हणजे मुलांच्या स्काउटसारखी मुलींची संघटना; तिच्या प्रतिज्ञेचे तीन भाग, म्हणून तीन पानं. माझा बिल्ला वेगळा: लिलीचं फूल, त्याच्या आत तीच तीन पानं आणि मधोमध अशोकचक्र. आपल्या देशात गाईड मुलींची पहिली कंपनी, म्हणजे तुकडी, 1911 साली जबलपूरला निघाली. पुढे कितीतरी वर्षं मुलांच्या संस्था वेगळ्या, मुलींची वेगळी. 7 नोव्हेंबर 1950 ला मुलांच्या संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 ला मुलींची संस्थाही तिच्यात आली. आजीची पिन त्याच्या आधीची, माझा बिल्ला नंतरचा. दोन्ही एकाच डबीत राहू देत, वेगळे करू नकोस.

खाली माझा स्कार्फ. पचमढीच्या शिबिरात जटाशंकरच्या पायऱ्यांवर आमच्या टोलीतली एक मुलगी घसरली, तेव्हा याच स्कार्फची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधला होता. गाठ डॉक्टरी. ती सपाट बसते, रुतत नाही आणि सोडायलाही सोपी. त्रिकोणी कापड गळ्यात का घालायचं, ते मला त्या दिवशी कळलं. (आपल्या इंदुरी मराठीत सगळं असंच मिसळलेलं: घरी मराठी, प्रतिज्ञा हिंदीत, गाठींची नावं खूँटा फाँस, जुलाहा गाँठ. मला त्यांची मराठी नावं कधी लागलीच नाहीत.)

पण खरी गोष्ट फोटोची. शाळेच्या पायऱ्यांवर 19 मुली, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि मागे एकही नाव नाही. आजी असताना मी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मला त्यातली एकटी आजीच ओळखू आली. भिंग लावून पाहिलं तर तिच्या डाव्या खिशावर दोन पट्ट्या! म्हणजे आजी टोली नायिका होती. जन्मभर सोबत राहिले, पण तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. टोलीतल्या मुलींना घेऊन चालणारी आजी मला त्या दोन पट्ट्यांतून भेटली.

मग फोटो घेऊन रामबागेतल्या मावशींकडे गेले. आजीच्या बरोबरच्यांपैकी आता त्या एकट्याच आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, तरी बोट फिरवत एकेकीचं सांगत गेल्या. ही लग्न होऊन देवासला गेली, हिला शिट्टी फार छान वाजवता यायची, ही पाताळपाणीच्या सहलीत छोट्या आगगाडीच्या दारात बसली म्हणून सगळ्यांना बोलणी खावी लागली. सात नावं मिळाली. मग त्या दमल्या. मी कागदावर उभ्या राहिल्याच्या क्रमानं लिहून आणली आहेत.

उरलेल्या अकरा जणींसाठी मला तू हवी आहेस. फोटो मोठा करून आण, प्रत्येक चेहरा सुटा, मावशींना दिसेल एवढा. आणि मऊ शिसपेन्सिल आण. एका फोटोमागे मी पूर्वी बॉलपेननं लिहिलं होतं, त्याचा वळ पुढे चेहऱ्यावर उठला. नावं फोटोमागेच हवीत, कॉम्प्युटरमध्येही ठेव, पण फक्त तिथेच नकोत. ट्रंक कुणाच्याही हाती गेली तरी नावं सोबत गेली पाहिजेत.

पुण्यात आहेस तर एकदा 'संगम'लाही जाऊन ये. गाईड्सची ती जागतिक वास्तू 1966 साली सुरू झाली. आजीची फार इच्छा होती तिथे जायची, राहूनच गेलं. जमलं तर पिनेचा फोटो सोबत ने.

दिवाळीचं तिकीट झालं की कळव, म्हणजे मावशींच्या सुनेला आधी सांगून ठेवते. त्या दुपारी चारनंतर जाग्या असतात आणि तेव्हा त्यांना सगळं आठवतं.

तुझी,
आई