शाळेच्या अनुदानाबाबत शनिवारी सभा : सर्व पालकांनी यावे

पालक बंधू-भगिनींनो,

येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात सभा आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी ताई आणि सर्व पालकांनी यावे. आयांनी तर नक्कीच; समितीत निम्म्या जागा महिलांच्याच आहेत.

विषय : शाळेचा पैसा कुठून येतो, कुठे जातो.

गुरुजींचा पगार राज्य सरकार देते. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्तीसाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. रक्कम पटावर ठरते : ३० मुलांपर्यंत १० हजार, ३१ ते १००ला २५ हजार, १०१ ते २५०ला ५० हजारांपर्यंत. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो.

म्हणून पट टिकणे फार गरजेचे आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना कळकळीची विनंती, लेकरांना फडावर नेऊ नका. आजी-आजोबांजवळ ठेवा. हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल सभेत बोलूच, पण नावे आधी कळली तरच मागणी वेळेत जाईल.

अंगणवाडीचा खर्च महिला व बालविकास विभागाकडून येतो, शाळेच्या खात्यातून नाही. तिथल्या आहाराची तक्रार मुख्याध्यापकांकडे नको, ताईंसमोर मांडा.

येताना :
- मुलाचे आधार कार्ड
- ऊसतोडीला जाणार असाल तर मुलाचे नाव, इयत्ता

खर्चाची वही सर्वांसमोर उघडली जाईल. बिनधास्त विचारा.

– अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती