आंटी, तुमची बशी अजून आमच्याकडेच आहे

प्रिय आंटी, जय ख्रिस्त.

तुमचं नाव पण मी धड विचारलं नाही, अकरा दिवस नुसतं आंटी आंटी करत राहिले. परळच्या हॉस्पिटलमध्ये जुलैत माझ्या पप्पांच्या शेजारच्या बेडवर तुमचे मिस्टर होते. कोणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल या आशेवर लिहितेय.

पप्पा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते सगळं सांगत बसत नाही. त्यात पार्किन्सन्स, हात सतत थरथरतात. पहिल्या दिवशी वॉर्डात चहा आला, कागदी कप, तो त्यांच्या हातात कोंबून माणूस पुढे गेला आणि अर्धा चहा चादरीवर सांडला. चादर बदलताना जे काही ऐकवलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर तीन दिवस पप्पा म्हणायचे, "नको, चहा सोडलाय." चाळीस वर्षं सकाळी चहाशिवाय न बोलणारा माणूस! आणि मी, सख्खी मुलगी, ऑफिसचे फोन घेत घेत म्हटलं बरं, नसेल प्यायचा. आंटी, ते लाजत होते हे तुम्हाला कळलं, मला नाही कळलं.

चौथ्या दिवशी तुम्ही घरून येताना पिशवीतून पेपरात गुंडाळलेल्या दोन बश्या आणल्यात. निळी किनार, एकीचा कोपरा किंचित उडालेला. थर्मासमधला चहा बशीत ओतलात, बोटाने साय बाजूला केलीत, दोन-तीनदा फुंकर मारलीत आणि बशी पप्पांच्या ओठाला लावायच्या आधी दुसरी बशी स्वतःसाठी भरून म्हणालात, "भाऊ, मला पण बशीतच लागतो, कपात चटका बसतो." मग दोघं समोरासमोर बसून फुर्रर्र करून प्यायलात, पप्पांची बशी अर्थात तुम्हीच धरली होतीत पण ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पप्पा चार दिवसांनी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात तेव्हा अंकल मला हळूच म्हणाले, "ती चहा पीत नाही गं, तिला अॅसिडिटी होते." मी जिन्यात जाऊन रडले.

आता मनातलं बोलते. आमच्या चर्चची मंडळी मोठी आहे, पप्पांनी तिथे आयुष्यभर राबून कामं केली. व्हॉट्सअॅपवर साठ-सत्तर हात जोडलेले आले, "प्रार्थनेत आठवण करतो". वॉर्डाची पायरी चढले किती, तर दोघं. प्रार्थना नको असं मी म्हणत नाही, प्रार्थनेवरच उभी होते मी. पण बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच तर लिहिलंय ना, की उघड्या उपाशी माणसाला नुसतं सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा म्हणून काय उपयोग, त्याच्या अंगाला लागेल ते दिलंच नाही तर?

आणि खरं सांगू, आमच्या प्रोटेस्टंट घरात तुम्हा कॅथलिकांच्या जपमाळेबद्दल, मेणबत्त्यांबद्दल नाकं मुरडलेली मी लहानपणापासून ऐकलीयेत, त्याची आता फार लाज वाटते. संडेस्कूलमध्ये गलतीकरांस पत्र 5:22 पाठ करून घ्यायचे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा... मी घडाघडा म्हणून बक्षीस पण घेतलंय. प्रीतीवर, शांतीवर कितीतरी उपदेश ऐकले, सहाव्या नंबरच्या चांगुलपणावर एकही आठवत नाही. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याला आत्म्याचं फळ म्हटलंय. कोणी बघतंय म्हणून झाडाला फळ लागत नाही. तुम्ही एकदाही बायबलचं वचन ऐकवलं नाहीत, उलट खोटं बोललात चहाबद्दल, आणि मला तर त्या खोट्यातच चांगुलपणा म्हणजे काय ते समजलं. नुसती मदत कोणीही करेल, घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशी करायला मन लागतं.

अंकलना डिस्चार्ज मिळाला, मला वाटलं संपलं. तर बुधवारी तुम्ही परत हजर! माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना करून, लोकलने प्रभादेवीला उतरून, पूल ओलांडून, त्या पावसात, साडीचा काठ चिंब, आणि पिशवीत थर्मास.

पप्पा आता घरी आहेत, वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात. कोपरा उडालेली बशी चुकून आमच्या सामानात आली, रोज सकाळी तीच लागते, आणि आता ती मी धरते, आधी फुंकर मारून. माहीमच्या चर्चला 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना असते, गर्दीत तुम्ही सापडाल की नाही माहीत नाही, पण येत्या बुधवारी सुट्टी टाकलीये. दारापाशी मेणबत्तीवाल्यांजवळ उभी राहीन. नवी बशी आणतेय तुमच्यासाठी, जुनी काही पप्पा सोडणार नाहीत.

तुमचीच,
पाच नंबर बेडवाल्या भाऊंची मुलगी